सोमवारचं तळं

वारा समोरून येतोय. पुण्याजवळच्या रिहे गावच्या धरणाच्या बांधावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की पावसाळ्यात तो असाच येतो, कातरखडकाकडच्या डोंगरांवरून, ओला आणि सलग. बांध खोऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे तळ्यावर जे जे तरंगतं ते रात्रभरात ढकललं जातं आणि सकाळी बांधाच्या दगडांना येऊन लागतं. आज सोमवार, सकाळचे साडेसात. काल रविवार होता.

दगडांच्या कडेने हातभर रुंदीचा पट्टा पाण्याबरोबर वरखाली होतोय. फेस, गवताच्या काड्या, कुजका पाला आणि त्यात गुंतलेलं बाकीचं सगळं. पाण्याच्या बाटल्या आडव्या पडून हलताहेत. वेफर्सची पाकिटं पोट वर करून पडली आहेत, आतली चंदेरी बाजू आभाळाकडे. कागदी म्हणवणारे, पण आतून प्लास्टिकचं अस्तर असलेले चहाचे कप. थर्माकोलच्या ताटलीचा तुकडा. एक डाव्या पायाची चप्पल. केकच्या खोक्यावरची सोनेरी पट्टी, त्यावर ‘हॅपी’ एवढंच शिल्लक आहे. वाढदिवस होता कुणाचा तरी. फोटो छान आले असणार, कारण मागे डोंगर हिरवेगार आहेत, ढग अर्ध्यावर उतरलेत आणि पलीकडच्या खाचरांत लावणी होऊन रोपांनी मूळ धरलंय.

मी वाकून एक बाटली उचलतो. बूच घट्ट. दुसरी उचलतो, तिचंही बूच घट्ट. हाताला येतील त्या सगळ्या बाटल्या बूच लावलेल्या. हा काही पर्यटकांचा नीटनेटकेपणा नव्हे. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, पाण्यापेक्षा जड असतं, जवळजवळ दीडपट. आत हवा कोंडलेली असेल तोवरच ती तरंगते. तोंड उघडं टाकलं की पाणी भरतं आणि बाटली गुपचूप तळाशी जाते. म्हणजे बांधाला लागलेल्या बाटल्या या फक्त बूच लावून फेकणाऱ्यांच्या. बाकीच्यांच्या खाली आहेत. मे महिन्यात पाणी ओसरलं की त्या चिखलात अर्ध्या गाडलेल्या दिसतील, तोपर्यंत त्यांचा पत्ता नाही. पाकिटांचं उलटं असतं. त्यांचं प्लास्टिक पाण्याहून हलकं, म्हणून ती काही दिवस वर राहतात. मग त्यांच्यावर शेवाळ धरतं, गाळ बसतो, आणि वजन वाढलं की तीही खाली. वर दिसतो तो कचरा ताजा. जुना सगळा पोटात.

टिबुकली एक बुडी मारते आणि पट्ट्याच्या पलीकडे वर येते. तिला या पसाऱ्याचं काहीच वाटत नसावं, किंवा सवय झाली असेल.

सांडव्याकडून एक बाई बांधावर येते. साठीच्या आसपासची, नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्यावर खताच्या गोणीची कोपऱ्यात कोपरा घालून केलेली खोळ. पूर्वी या खोऱ्यात लावणीला बायका पळसाच्या पानांची इरली पाठीवर घ्यायच्या. आता मेनकापड नाहीतर ही गोणी. हातात आणखी तीन रिकाम्या गोण्या. माझ्याकडे बघते, हातातल्या बाटल्यांकडे बघते, आणि विचारते, “घेऊन जायच्यात का दादा तुम्हाला?”

नाही म्हणताच बाटल्या तिच्या गोणीत जातात.

ती काम कसं करते ते बघत राहण्यासारखं आहे. आधी बिअरचे डबे. ते अॅल्युमिनियमचे, त्याला भाव सगळ्यात चांगला. डबा दगडावर उभा करायचा, टाच मारायची, चपटा झाला की गोणीत. मग काचेच्या बाटल्या, पण अख्ख्याच. फुटलेली काच ती पायाने बाजूला सारते, हात लावत नाही. मग पाण्याच्या बाटल्या. प्रत्येकीचं बूच उघडून उलटी करते, थेंब झटकते, पिळते आणि बूच परत लावते. पाणी राहिलं तर भंगारवाला वजनात पकडतो, म्हणते. लिटरची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची. किलो व्हायला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. जाड प्लास्टिकचा मग, तुटकी बादली, तेलाचा डबा हेही चालतं. तिची नजर पट्ट्यावरून पुढे सरकते तसा पट्टा बदलत जातो. बाटल्या नाहीशा होतात, डबे नाहीसे होतात. उरतात ती पाकिटं.

“ही नाही घ्यायची, मावशी?”

“ते कोन घेतंय वो? फुकाट दिलं तरी नाय घेत.”

एवढं बोलून ती पुढच्या दगडावर जाते. मला मात्र तिथेच थांबावं लागतं, कारण तळ्याचं सगळं गणित तिने एका वाक्यात मांडलंय. रविवारच्या गर्दीने काय काय फेकलं हा प्रश्न अर्धाच. फेकलेल्यातलं काय मागे राहतं, हे भंगाराच्या दुकानातला भाव ठरवतो. ज्याला किलोमागे दोन पैसे मिळतात त्याला उचलणारा हात कुठून ना कुठून येतोच, अगदी भर पावसात, घोटवडे गावापासूनसुद्धा. ज्याला काहीच मिळत नाही ते पाण्यात राहतं.

एक पाकीट उचलून नीट बघतो. किंमत ५ रुपये. रंग उडालाय, पण छपाई वाचता येते. पातळ वाटलं तरी यात पदर आहेत: बाहेर छापील प्लास्टिक, आत अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं दुसरं प्लास्टिक, मध्ये चिकटवणारा थर. हवा आत जाऊ नये, वेफर कुरकुरीत राहावा म्हणून ही सगळी कारागिरी. हे पदर पुन्हा सुटे करणं परवडत नाही, म्हणून ते वितळवून दुसरं काही करायला कुणी विकत घेत नाही. पाकिटाचं वजन दोन-तीन ग्रॅम. किलोभर जमवायला तीनशे ते पाचशे वेळा वाकावं लागेल, आणि मिळणार शून्य. मावशींचा हिशेब बरोबर आहे.

सरकारी हिशेब पाहिला तर गंमत वाटते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्या, ताटल्या, ग्लास, थर्माकोल बंद. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. पण कारखान्यातच माल भरून बंद होणारं वेष्टन त्यातून वगळलं गेलं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत पुनर्वापर न होणारं बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत हद्दपार करायचं असं स्वच्छ लिहिलेलं होतं. दोन वर्षं भरली, आणि मार्च २०१८ मध्येच नियमातलं वाक्य बदललं. ‘ऊर्जा न मिळणारं’, ‘दुसरा उपयोग नसलेलं’ असे शब्द त्यात शिरले. पाकीट सिमेंटच्या भट्टीत जळतं, म्हणजे त्यातून ऊर्जा मिळते, म्हणजे ते सुटलं. आता सिमेंटचे कारखाने आहेत सोलापूर-चंद्रपूरकडे, आणि पाकीट आहे रिह्यात, माझ्या हातात.

त्याच्याच शेजारी गुटख्याची रिकामी पुडी तरंगतेय. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. पुडीला हे कुणी कळवलेलं नसावं.

आठ वाजतात. बांधाच्या टोकाला, जिथे पाण्यात उतरायला उतार आहे, तिथे दोन बाया धुणं घेऊन येतात. पर्यटकांना शिव्या घालायला मी मनातल्या मनात तयारच असतो, पण डोळ्यांसमोरचं दृश्य तेवढं सोपं राहत नाही. साबणाच्या वडीचं वेष्टन फाडलं जातं, ते दगडावर पडतं, पुढची लाट ते उचलून नेते. निळीची पुडी तिच्यामागून. त्यांच्या पलीकडे एक काका बैलांची जोडी पाण्यात उभी करून धुताहेत. खिशातून एक रुपयाची शाम्पूची पुडी काढतात, दाताने कोपरा तोडतात, कोपरा थुंकतात. बैलाच्या पाठीवर फेस होतो. बैल डोळे मिटून उभा आहे, त्याला मजा येतेय. पुडी पाण्यात.

“शाम्पूनं चकाकी येते,” काका मला समजावतात. माझं लक्ष कुठे आहे हे त्यांना कळलेलं असतं, कारण लगेच म्हणतात, “आमचं एवढुसं, साहेब. काल बघायला पायजे हुतं. गाड्या पार रस्त्यापर्यंत.”

खोटं नाही ते. पिरंगुट ओलांडलं की घोटवडे फाटा, तिथून वळलं की रिहे खोरं. दुसऱ्या बाजूने हिंजवडीहून माण-घोटवडे करत येता येतं. शहर उंबऱ्याशी आलंय. शिवाय मोठ्या जागा आता मोकळ्या नाहीत. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या धरणांवर-धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले. आदेश निघाले म्हणून रविवार थोडाच रद्द होतो. जिथे पोलीस उभे नाहीत, पाटी नाही, तिकीट नाही, तिकडे गाड्या वळतात. अशा तळ्याला कचऱ्याचा डबा नसतो. आणि कुणी ठेवलाच, तर तो रिकामा करायला सोमवारी कोण येणार, हे ठरलेलं नसतं.

पण म्हणून काकांची पुडी हिशेबातून जात नाही. पुडीला भाव नाही, इतकंच तिचं आणि पुणेकरांच्या पाकिटाचं नातं. धुण्यातलंही तसंच. त्या दोघींनी दगडावर आपटलेल्या साड्या सुती नाहीत, कृत्रिम धाग्याच्या आहेत. प्रत्येक आपटण्याला त्यातले डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ते काही कुणी फेकलेले नाहीत.

तळ्याच्या काठाने मी वरच्या अंगाला जातो, जिथे ओढा येऊन मिळतो. वाट खाचरांच्या बांधांवरून, पाय घसरतो, दोनदा गवत धरावं लागतं. ओढ्याच्या तोंडाशी एक माणूस गुडघाभर पाण्यात जाळं सोडवत उभा आहे. कातकरी वस्तीवरचा. जाळ्यात तळहाताएवढ्या चार चिलापी आणि मुठीएवढा लगदा: पाला, दोरी, पाकिटाचे तुकडे. मासे काढायला त्याला मिनिटभर लागतं. लगदा काढायला मात्र तो खाली बसतो. नायलॉनच्या डोळ्यांत प्लास्टिकचा तुकडा अडकला की तो ओढून निघत नाही, उलट बाजूने ढकलावा लागतो, एकेक. त्याचा अंगठा हे काम सरावाने करतोय. काढलेलं तो काठावर मागे फेकतो. पुन्हा पाऊस पडला की ते परत पाण्यात, हे त्यालाही ठाऊक आहे. दुसरीकडे कुठे फेकणार?

त्याच्या मागे, ओढ्यात आडवा, गोण्यांचा एक बांध आहे. गेल्या हिवाळ्यातला वनराई बंधारा. पावसाळा संपला की ओढ्याची बारीक धार अडवायची, त्यासाठी सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, थरावर थर रचायचे. श्रमदानाने होतो, पैसा लागत नाही, आणि खरोखरच कामाचा असतो. त्या पाण्यावर रब्बीचा वाल, हरभरा निघतो, आसपासच्या विहिरी महिनाभर जास्त टिकतात. महाराष्ट्रभर असे हजारो झालेत. मी त्यातल्या वरच्या गोणीला हात लावतो.

आणि ती हातात राहत नाही. गोणीचा धागा चिमटीत धरला की त्याचा चुरा होतो, कुरडईसारखा. बोटांना पांढरे, चपटे, बारीक तुकडे चिकटतात, काही नखाएवढे, काही तांदळाच्या कणीएवढे, काही त्याहून लहान. झटकले तर उडत नाहीत. पाण्यात हात घातला की सुटतात आणि तळ्याकडे चालू लागतात. उन्हाळाभर या गोण्या उघड्यावर तापल्या. ही गोणी ज्या प्लास्टिकची, त्याच्या लांब साखळ्या उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात, धागा ठिसूळ होतो. कारखान्यात त्यात किरण झेलणारं द्रव्य घालता येतं, पण खताची गोणी वर्षानुवर्षं उन्हात राहावी म्हणून बनवलेलीच नसते. तिने खत पोहोचवलं, तिचं काम झालं. पुढचं काम आपण तिला लावलं.

हा बांध बांधणाऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. फेब्रुवारीत खोऱ्यातलं पाणी कसं उतरतं हे ज्याला माहीत आहे तो हातात येईल त्याने पाणी अडवेल. तरी माझ्या दृष्टीने या सकाळचं सगळ्यात वाईट प्लास्टिक हेच. बाटली मावशी उचलतील. पाकीट कुणी वेडा उचलेल. ही कणी उचलायला हात नाही. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक पाहणी आली होती. २३ देशांतल्या ३८ तळ्यांवर आणि जलाशयांवर शास्त्रज्ञांनी सूक्ष्मजीव गोळा करायच्या बारीक जाळ्या ओढल्या. एकही तळं प्लास्टिकमुक्त निघालं नाही. माणसांपासून दूर असलेलीसुद्धा. सापडलेल्या कणांत नव्वद टक्क्यांहून जास्त दोनच आकार: तंतू आणि तुकडे. तंतू म्हणजे त्या साड्या. तुकडे म्हणजे माझ्या बोटांना चिकटलेलं हे.

पाऊस येतो, पाच मिनिटं झोडपतो, जातो. परत बांधावर येईपर्यंत सांडव्यावरून पाणी वाहायला लागलेलं आहे. रात्रीच्या पावसाने तळं काठोकाठ होतंच. आता तो हातभर रुंदीचा पट्टा सांडव्याच्या दिशेने सरकू लागलाय, आणि एकेक पाकीट कडेला येतं, क्षणभर अडखळतं, उभं राहतं आणि पलीकडे कोसळतं. खाली ओढा. ओढ्याच्या दोन्ही तीरांना इंद्रायणी भाताची खाचरं. तिथे बेणणीला वाकलेल्या बायकांच्या हाताला पहिल्यांदा लागतं ते हे. गवताबरोबर तेही उपटून बांधावर टाकायचं. पाकिटाने काही होत नाही, काचेची भीती. फुटकी बाटली चिखलात दिसत नाही आणि खाचरात कुणी चप्पल घालून उतरत नाही. एक बाई वर न बघता पाय उचलून तळवा दाखवते. टाच ते चवडा, मधोमध, पांढरी पडलेली जुनी शिवण.

खाचरांतून सुटलेलं पाणी ओढ्याने मुळेत. मुळा बालेवाडी, बाणेर, औंध करत दापोडीशी पवनेला घेते, संगमावर मुठेला. पुढे रांजणगाव सांडसला भीमा, आणि भीमा जाऊन थांबते उजनीत. उजनी सोलापूर जिल्ह्यात. ज्या पाकिटाने ट्रकमध्ये बसून सोलापूरकडच्या सिमेंटच्या भट्टीत जायचं, ते असं पाण्याने निघालंय. सोलापूर शहर उजनीचंच पाणी पितं.

मावशींच्या दोन्ही गोण्या भरल्या आहेत. मीही एक भरली आहे, तिच्याकडूनच मागून घेतलेली. माझ्या गोणीत फक्त पाकिटं आणि पुड्या, कंबर धरलीय. ती माझ्या गोणीत डोकावते आणि पदर तोंडाला लावून हसते. गाडीतून फाट्यापर्यंत सोडतो म्हटल्यावर ती मागे बसत नाही, गोण्या मागे ठेवते आणि पुढे बसते, ओली आहे म्हणून सीटच्या कडेला.

भंगाराचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. दुकानदार तरुण आहे, कानात इअरफोन. मावशींच्या गोण्या उपडी करतो, पायाने तीन ढीग करतो. डबे वेगळे, बाटल्या वेगळ्या, जाड माल वेगळा. काट्यावर ठेवतो, मोबाइलवर आकडे मारतो. बाटल्या सव्वातीन किलो. मावशी काट्याकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघते.

“पाणी नाय ना?”

“पिळून आणल्यात. बघ की.”

तो एक उचलून हलवतो, पैसे मोजतो. नोटा ती कमरेच्या पिशवीत घालते. मग तो माझ्या गोणीकडे वळतो, तोंड उघडतो आणि बंद करतो.

“हे काय आणलंय, काका?”

“वजन तर कर.”

तो माझ्या समाधानासाठी करतो. एक किलो आठशे, ओल्यासकट.

“घेऊन मी काय करू याचं? पुढं माझ्याकडनं कोन घेत नाय.” थोडा विचार करतो. “ठेवायचं असंल तर ठेवा हितं. पण मग तुम्ही मला द्यायचे पैसे. जागा अडते.”

“किती?”

त्याला हे अपेक्षित नसतं. तो मावशींकडे बघतो, मावशी माझ्याकडे बघतात.

“आणि मग तू काय करणार त्याचं?” मी विचारतो.

“रात्रीचं पेटवून देतो,” तो म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फ्रिज उतरवून घ्यायला जातो.